दादरच्या धर्मशाळेतील सहा आठवडे

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात रत्नागिरी येथे दिलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला. आम्ही मॅट्रिकपर्यंत शिकलेले, उभा जन्म प्राथमिक शाळेच्या फळ्यापुढे गेलेला. विद्वत्तेचे भाषण आमच्याने व्हावयाचे नाही. परंतु आजच्या सभेपुढे आपल्या रुग्णसाहाय्य निधीच्या नियमदुरुस्तीचा ठराव यावयाचा आहे, आणि त्या ठरावाशी निगडित असा एक अनुभव आमच्या गाठीस आहे. तो सांगितला नाही तर आपल्याशी प्रतारणा केल्यासारखे होईल, म्हणून उभे राहिलो आहोत.

गेल्या वर्षी आमच्या धाकट्या भगिनीस कर्करोग झाल्याचे निदान झाले. ती विधवा, पाठीशी आम्हीच. परळच्या टाटा रुग्णालयात न्यावे असा सल्ला मिळाला. हे रुग्णालय १९४१ साली सुरू झाले, आणि देशाच्या कानाकोपऱ्यांतून रोगी तेथे येतात, हे आपण जाणताच. रुग्णालयाचे नाव निघाले की बिछाना मिळेल, डॉक्टर असतील, मग चिंता कसली, अशी आपली समजूत असते. आमचीही होती. प्रत्यक्षात या रोगाच्या उपचाराची रीत निराळी आहे. किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, रोज काही मिनिटांचा, आणि असे कित्येक आठवडे. रोग्यास बहुधा दाखल करून घेत नाहीत. रोज यावे, उपचार घ्यावा आणि परत जावे. औषधोपचाराच्या फेऱ्यांमध्येही बहुधा दोन-तीन आठवड्यांचे अंतर असते. मुंबईकरास हे सोयीचे. पण सव्वातीनशे किलोमीटर दूरच्या रत्नागिरीकराने रोज परत जावे तरी कोठे?

आमचे आप्त उपनगरात राहतात. त्यांनी मोठ्या प्रेमाने बोलाविले. पण दोन खोल्यांत सहा माणसे, आणि गर्दीच्या लोकलमधून रोजचा प्रवास. तिसऱ्या दिवशी दादर स्थानकावर भगिनीस भोवळ आली. त्या दिवशी एका सज्जनाने सांगितले, “गुरुजी, जवळच गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. तेथे चौकशी करा.”

बंधुभगिनींनो, खरे सांगतो, ‘धर्मशाळा’ हा शब्द ऐकताच आमचे मन आक्रसले. आपण खाऊनपिऊन सुखी घरचे, आपल्या संस्थेचे माजी चिटणीस. आपण धर्मशाळेत राहावयाचे? गावात कळले तर लोक काय म्हणतील? संकोचाने एक रात्र दवडली. दुसऱ्या दिवशी परळच्या पदपथावर प्लास्टिकच्या कापडाखाली निजलेले रोगी पाहिले. उपचाराने ज्यांची रोगाशी झुंजण्याची शक्ती ओसरलेली, डॉक्टर ज्यांना धूळ आणि गर्दी टाळा म्हणून बजावतात, ती माणसे गटाराच्या कडेला भात शिजवीत होती. मग मात्र आमचा अहंकार गळाला, आणि आम्ही धर्मशाळेची पायरी चढलो.

आत काय होते? वैभव नव्हते. ओळीने अंथरुणे, उशाशी ट्रंक किंवा बोचके, खिडकीत वाळणारे टॉवेल. कोणी मराठवाड्यातील शेतकरी, कोणी बिहारमधील मजूर, कोणी बंगालमधील तरुण पत्नीसह आलेला. केस गळालेली, तोंडावर फडके बांधलेली लहान मुले जिन्यात खेळत होती. परंतु फरशी स्वच्छ होती, आणि ज्याच्या नावाने ही वास्तू उभी आहे, त्याच्या हातातील खराट्याची आठवण तेथे पदोपदी होत होती. भाडे म्हणाल तर नाममात्र. अन्नदानही होते, दाते येऊन रोग्यांस वाढून जातात.

आम्हांस विचारले ते इतकेच : रोग्याचे नाव काय, गाव कोणते, रुग्णालयाचे कागद कोठे आहेत. जात कोणीही विचारली नाही. आम्ही सवयीने आपले पूर्ण आडनाव आणि कुळाची ओळख सांगू लागलो, तेव्हा समोरचा गृहस्थ हसून म्हणाला, “गुरुजी, ते असू द्या. बाईंना जिना चढवेल ना?”

हा प्रश्न आमच्या काळजात रुतला. का रुतला, ते पुढे सांगतो.

गाडगे महाराजांचे चरित्र आम्ही शाळेत वर्षानुवर्षे शिकविले. २३ फेब्रुवारी १८७६ रोजी अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट कुटुंबात जन्म, नाव डेबूजी, बालपण मामाच्या घरी गुरे राखण्यात गेले. १९०५ मध्ये घर सोडले. अंगावर चिंध्या, हातात गाडगे आणि खराटा. दिवसा गाव झाडावयाचे आणि रात्री कीर्तनातून माणसांची मने झाडावयाची, हा त्यांचा नेम. नाशिक, पंढरपूर, आळंदी, देहू येथे त्यांनी धर्मशाळा उभ्या केल्या; स्वतःसाठी मात्र घर बांधले नाही. आपल्या कोकणाशीही त्यांची एक दुःखद आठवण जोडलेली आहे. १९२३ साली खारेपाटण येथे, म्हणजे तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यात, त्यांचे कीर्तन चालू असता एकुलता एक पुत्र गोविंदा वारल्याची वार्ता आली. बाबांनी कीर्तन थांबविले नाही. २० डिसेंबर १९५६ रोजी त्यांनी देह ठेवला.

हे सारे आम्ही मुलांकडून पाठ करून घेतले, परीक्षेत प्रश्न घातले, गुण दिले. परंतु त्यांच्या कार्याचा अर्थ आम्हांस वयाच्या साठीनंतर, त्या जिन्याच्या पायथ्याशी कळला. देवदर्शनास येणाऱ्या यात्रेकरूंसाठी बाबांनी धर्मशाळा बांधल्या. आज त्यांच्या नावाने रोगी हाच यात्रेकरू मानला जातो.

आता आमची कबुली. काही वर्षांपूर्वी आपल्या रुग्णसाहाय्य निधीचे काम आमच्याकडे होते. आमच्याच एका जुन्या विद्यार्थ्याचा अर्ज आला होता. वडिलांस हाच रोग. मुंबईस राहण्याच्या खर्चासाठी थोडे साहाय्य हवे होते. मुलगा आपल्या ज्ञातीचा नव्हता. त्याला वाटले असेल, गुरुजी आहेत, ओळखतील. आम्ही नियमावली काढली, ‘साहाय्य ज्ञातिबांधवांपुरतेच’ हे कलम पाहिले, आणि दोन ओळींचे पत्र सुवाच्य अक्षरात लिहून अर्ज परत केला. नियमाप्रमाणे आमची काहीच चूक नव्हती. पुढे त्याचे वडील वारले. साहाय्य केले असते तर ते वाचले असते, असे आम्ही म्हणत नाही. पण ते कोठे निजले असतील, हा प्रश्न त्या वेळी आमच्या मनास शिवलासुद्धा नाही. आणि धर्मशाळेतील सहा आठवड्यांत एकही रात्र अशी गेली नाही की तो आम्हांस आठवला नाही.

आपल्यांतील काही वडीलधारे म्हणतील : ज्ञातीच्या लोकांनी पैपैसा जमविला, तो ज्ञातीलाच मिळावा, परक्यांसाठी सरकार आहे. हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. आपल्या संस्थेच्या शिष्यवृत्तीवर कित्येक मुले शिकली. आपल्या माणसांपासून आरंभ करणे यात पाप नाही. पंढरपुरात खुद्द बाबांनी उभारलेल्या धर्मशाळांतही मराठा धर्मशाळा, परीट धर्मशाळा, चोखामेळा धर्मशाळा अशी नावे आढळतात. कारण ज्यांस कोठेच आसरा नव्हता त्यांस प्रथम आसरा देणे त्या काळी निकडीचे होते. परंतु बाबा तेथे थांबले नाहीत. चोखामेळा धर्मशाळा त्यांनी १९४९ साली डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. जे आपल्या कष्टाने उभारले ते दुसऱ्याच्या ओंजळीत घालण्यास मन मोठे लागते.

आणि हे मन आपल्या रत्नागिरीस परके नाही. येथील पतितपावन मंदिर भागोजीशेठ कीर यांनी १९३१ साली सर्व हिंदूंस मुक्तद्वार ठेवून बांधले. आपल्या दापोली तालुक्यातील पालगडचे साने गुरुजी १९४७ च्या मे महिन्यात विठ्ठलमंदिराचे दार हरिजनांसाठी उघडावे म्हणून उपोषणास बसले होते. दारे उघडणाऱ्यांच्या जिल्ह्यात आपण राहतो, आणि आपल्या निधीचे दार मात्र लावून बसतो, हे शोभते काय?

सरकारच्या योजनांविषयीही एक शब्द. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून उपचाराचा मोठा भार उचलला जातो, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु सोबतच्या माणसाचे जेवण, राहण्याची जागा, घरी बुडालेली मजुरी यांचा भार कुटुंबावरच राहतो. उपचार फुकट मिळूनही केवळ राहण्यास जागा नाही म्हणून अर्ध्यावर गावी परतलेली माणसे आम्हांस तेथे भेटली. आपल्यासारख्या छोट्या संस्थेचे काम नेमके या फटीत आहे.

म्हणून आमची विनंती थोडकी आहे. निधीच्या व्याजाचा चौथा हिस्सा रत्नागिरी जिल्ह्यातील कोणत्याही गरजू रोग्याच्या मुंबईतील वास्तव्यासाठी राखून ठेवावा. तीन हिस्से पूर्ववत ज्ञातीसाठीच राहतील. अर्जातील जातीचा रकाना त्या हिश्शापुरता काढून टाकावा. आणि मुंबईस राहणाऱ्या आपल्या तरुणांनी महिन्यातून एक रविवार धर्मशाळेत वाढपास जावे. आपल्याकडे लग्नकार्यात वाढणाऱ्या हातांस वाण नाही. तेच हात तेथे लागावेत.

आमच्या भगिनीचे उपचार पूर्ण झाले. ती आज मागील रांगेत बसली आहे. निघण्याच्या दिवशी तिने आपली जागा स्वतः झाडून पुढच्या रोग्यासाठी मोकळी केली. तो कोण, कोठला, हे तिने विचारले नाही. जिन्याजवळची जागा आहे, त्यास बरी पडेल, एवढेच ती म्हणाली. आम्ही चाळीस वर्षे मुलांस जे शिकवू पाहत होतो, ते ती सहा आठवड्यांत शिकली होती.

आमच्या त्या जुन्या विद्यार्थ्यास आम्ही मागील महिन्यात पत्र लिहिले, क्षमा मागितली. उत्तर अद्याप आलेले नाही. त्यास आम्ही काय उत्तर द्यावयाचे, हे आता आपल्या हाती आहे. ठराव मतास टाकला जाईल तेव्हा आपण विचार करून हात वर करावा, ही प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.