सात बिऱ्हाडांचा आड

ज्या गावाविषयी मी आज बोलणार आहे, त्याचे आपल्या या माध्यमावर एक ऋण आहे. म्हैसूरला महाराजा कॉलेजात मानसशास्त्र शिकविणारे डॉ. एम. व्ही. गोपालस्वामी यांनी १९३५ साली आपल्या राहत्या घरी एक लहानसे प्रक्षेपण केंद्र सुरू केले आणि त्याला ‘आकाशवाणी’ हे नाव मिळाले. पुढे ते नाव साऱ्या देशाच्या नभोवाणीचे झाले.

परंतु मला सांगावयाचे आहे ते तेथल्या वठाराविषयी. वठार हा कानडी शब्द. मधे मोकळे अंगण, भोवती एकाच मालकाची लहान लहान बिऱ्हाडे, पाण्याला एक आड आणि रस्त्याकडे एकच दरवाजा. आपला वाडा आणि आपली चाळ यांच्या मधला हा प्रकार म्हणावा.

माझ्या मावशीचे बिऱ्हाड अशाच एका वठारात होते. कॉलेजच्या शिक्षणासाठी मी तेथे दोन वर्षे राहिलो. सात बिऱ्हाडे होती. पहाटे रहाट करकरू लागे आणि तो कोण ओढीत आहे, हे अंथरुणातूनच कळे. कोणाचा पगार लांबला, कोणाच्या मुलीला पाहून गेले, काहीही झाकून राहत नसे. मावशीला विषमज्वर झाला, तेव्हा एकवीस दिवस आमच्याकडे चूल पेटली नाही. पण एक वेळही आम्ही उपाशी राहिलो नाही. कानडी सारू आणि आपले वरण यांतला भेद मला त्या दिवसांत कळला. मात्र त्याच वठारात शेजारच्या सुनेला मोठ्याने रडण्याचीही सोय नव्हती. आणि बिऱ्हाड रिकामे झाले की मालक भाड्याच्या आधी जात विचारी.

मुंबईत १९१५ साली रावबहादुर तालमकी यांनी गावदेवीला सारस्वत सहकारी गृहसंस्था उभी केली. तेथे मालक गेला, भाडेकरूच मालक झाले. पण संस्था ज्ञातीची होती, हे तिच्या नावातच आहे. डेन्मार्कमध्ये यान गुदमन-हॉयर या वास्तुशिल्पज्ञाने १९६४ साली मित्रांसह एकत्र वस्तीसाठी जमीन घेतली, तर शेजाऱ्यांच्या विरोधाने तो बेत मोडला. अखेर १९७२ साली सेटेडामेन येथे सत्तावीस कुटुंबांची अशी वस्ती झाली. घरे प्रत्येकाची स्वतंत्र, शिवाय सर्वांचे मिळून एक सामायिक घर. तेथे पाळीपाळीने रांधावयाचे आणि एकत्र जेवावयाचे. वठारच की हे! फक्त येथे नको तेव्हा दार लावून घेता येते.

ही माहिती मी मिळवली, त्याला कारण मावशीच. वठार केव्हाच पाडले गेले. मावशी आता ब्याऐंशी वर्षांची. तिसऱ्या मजल्यावर एकटी राहते. वठारातल्या तिच्या तीन मैत्रिणी आणि ओळखीची दोन कुटुंबे यांनी गावाबाहेर जमीन पाहिली आहे. सहा लहान घरे, एक स्वयंपाकघर, एक आचारी आणि रात्री हाकेला कोणीतरी. मावशीने कागद माझ्यापुढे ठेवले. हिशेब चोख होता. शेवटच्या पानावर एक कलम होते : घर विकावयाचे झाल्यास ते ‘आपल्यातल्याच’ माणसाला विकावे.

“आपल्यातल्या म्हणजे कोणातल्या रे?” मावशीने विचारले. “मी तापाने फणफणले होते, तेव्हा भर पावसात डॉक्टरांना घेऊन आला तो टांगेवाला आठवतो ना? पहाटेपर्यंत दाराबाहेर उभा होता बिचारा. त्याला ओसरीवर बस म्हणायचं आमच्यापैकी एकीलाही सुचलं नाही.”

मला तो आठवत होता. त्याला बस म्हणायचे मलाही सुचले नव्हते.

कलम काढावे, असे मावशीने सर्वांना कळवले. ते काढले तर ती दोन कुटुंबे मागे सरतात, आणि ती सरली तर जमिनीचे पैसे पुरत नाहीत. मैत्रिणींपैकी एक मावशीच्या बाजूची आहे. उरलेल्या दोघी म्हणतात, या वयात वाद कशाला? मावशीने अजून सही केलेली नाही. येत्या रविवारी सारे तिच्याकडे पुन्हा बसणार आहेत, आणि मलाही तिने बोलावले आहे.