कावीळ उतरवू नका, रक्त तपासा

मोरगावच्या आमच्या बचत गटांच्या बैठकीत हप्त्यांबरोबर तब्येतीचंही बोलणं निघतं. डोळे पिवळे दिसले की आपण म्हणतो, पाणी बाधलं. आणि कावीळ उतरवायला जातो. पण एक कावीळ पाण्याचीही नसते, दारूचीही नसते. शरीराची रोगाशी लढणारी शक्तीच आपल्या यकृतावर उलटते. भारत असो की कोरिया, हा आजार बायकांतच जास्त आढळतो. आधी नुसता थकवा, सांधेदुखी, भूक मंद. आपण म्हणतो, कामाचा शीण!

कोरोनात आपण गुळवेलीचा काढा प्यायलो. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईच्या डॉक्टरांना गुळवेल घेतलेले सहा रुग्ण यकृताला इजा झालेले आढळले. आयुष मंत्रालयाला त्यांचा निष्कर्ष मान्य नव्हता. आम्ही मात्र ठरवलंय, घेतलेला काढा डॉक्टरांपासून लपवायचा नाही.

थकवा हटत नसेल, डोळे पिवळे असतील, तर यकृताची रक्ततपासणी करा. गोळ्यांनी हा आजार बहुतेकींचा आटोक्यात राहतो. बरं वाटलं म्हणून त्या मनानं बंद करू नका. पैशाची अडचण असेल तर गटाचं अंतर्गत कर्ज आहे. आणि मैत्रिणीला एकटीला पाठवू नका, सोबत जा.