वैमानिकाचा परवाना : सुरुवात कुठून करावी?

मंडळी, रानात काम करताना डोक्यावरून विमान गेलं, की हातातलं खुरपं तसंच धरून आपण वर बघतो. पोरं तर ते दिसेनासं होईपर्यंत बघतात. त्यातलाच एखादा, किंवा एखादी, एके दिवशी घरी येऊन म्हणते, ‘मला पायलट व्हायचंय.’ मग घरात पहिला प्रश्न निघतो पैशाचा आणि त्यापाठोपाठ शेताच्या तुकड्याचा. माझं सांगणं असं, की सातबाऱ्याला हात लावण्याआधी दोन गोष्टी पाहून घ्या : मुलाची तब्येत आणि मुलाचं गणित.

तब्येत आधी. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयानं नेमलेल्या डॉक्टरांकडे प्रथम ‘क्लास दोन’ची तपासणी होते, नंतर ‘क्लास एक’ची. पगारी वैमानिकाला क्लास एक हवाच. डोळे, कान, हृदय, रक्तदाब सारं पाहतात. चष्मा आहे म्हणजे दार बंद, असं मात्र नाही. ठरलेल्या मर्यादेत नजर सुधारत असेल तर चालतं. पण लाल-हिरव्यातला फरक कळत नसेल, तर पुढची वाट फार अवघड. हे पुष्कळांना प्रवेश-फी भरल्यावर कळतं. म्हणून तपासणी आधी करावी आणि फी मागाहून भरावी.

आता शाळेकडे वळू. बारावीला पदार्थविज्ञान आणि गणित हवं, अशी अट वर्षानुवर्षं चालत आली. ती सैल करण्याचा विचार २०२५ साली निघाला, तेव्हा अर्ज करताना चालू नियम पाहून घ्यावा. पण अट सैल झाली म्हणून परीक्षा काही सैल होत नाही. नॅव्हिगेशन म्हणजे मार्ग काढण्याचं शास्त्र, हवामानशास्त्र, विमान वाहतुकीचे नियम आणि विमानाची तांत्रिक माहिती, असे मुख्य पेपर असतात. प्रत्येकात शंभरात ७० गुण मिळाले तर पास. शिवाय रेडिओवर बोलण्याचा परवाना वेगळा, आणि हे सारं इंग्रजीतून.

गुरुजी, या पेपरांत असतं काय, ते एका उदाहरणानं सांगतो. पुराच्या पाण्यात नावाडी होडी पलीकडे नेतो, तेव्हा होडीचं तोंड समोरच्या घाटाकडे ठेवत नाही, थोडं वरच्या अंगाला ठेवतो. विमानाचंही तसंच. समजा, विमानाचा वेग ताशी १०० सागरी मैल आहे, जायचं आहे सरळ उत्तरेला, आणि पश्चिमेकडून ताशी २० सागरी मैलांचा वारा सुटला आहे. नाक उत्तरेलाच धरून बसलात, तर तासाभरात तुम्ही पूर्वेला २० सागरी मैल, म्हणजे ३७ किलोमीटर भरकटलेले असाल. म्हणून नाक साडेअकरा अंश पश्चिमेला वळवायचं. हे साडेअकरा आले कुठून? काटकोन त्रिकोणातून! वीस भागिले शंभर ही त्या कोनाची ज्या. दहावीच्या फळ्यावरचं त्रिकोणमिती ते हेच. ‘याचा पुढं काय उपयोग?’ असं कोणी पोरगं विचारील, तर हे गणित घालून पाहा. आणि गोंदियाच्या मे महिन्यातल्या उन्हात हवा विरळ होते, विमानाला उठायला धावपट्टी जास्त लागते, हे कोडं पदार्थविज्ञानाच्या तासाला द्या.

पेपर देता देता उड्डाणही चालतं. सोळाव्या वर्षी विद्यार्थी-परवाना मिळू शकतो, व्यावसायिक परवाना अठरानंतर. त्यासाठी एकंदर २०० तास उड्डाण लागतं, आणि त्यातले १०० तास विमानाची सारी जबाबदारी स्वतःवर. रात्रीचं उड्डाण करावं लागतं. ३०० सागरी मैलांची, म्हणजे साडेपाचशे किलोमीटरांहून थोडी जास्त अशी फेरी, वाटेत दोन वेगळ्या ठिकाणी उतरून पुरी करावी लागते. परदेशात जाऊन तास भरले, तरी इथल्या परीक्षा चुकत नाहीत.

आपल्याकडे गोंदिया आणि बारामती इथं प्रशिक्षण चालतं. उत्तर प्रदेशात फुरसतगंजला केंद्र सरकारची अकादमी आहे, तिथं प्रवेश-परीक्षा घेऊन मुलं निवडतात. खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो, कधी त्याहूनही वर. बँका कर्ज देतात, पण तारण मागतात. आणि परवाना हातात आला म्हणजे नोकरी मिळाली, असं नव्हे! मोठं विमान चालवायला त्या जातीच्या विमानाचं निराळं प्रशिक्षण लागतं, त्याचे पुन्हा काही लाख. मग कंपनीची निवड, आणि कधी कधी नुसतं थांबणं. निवड झाली, तरी आधी उजव्या आसनावर, कप्तानाच्या हाताखाली. विमान कंपनीत कप्तान व्हायचं, तर वय २१ पुरं आणि १,५०० तासांचं उड्डाण हा वरचा परवाना हवा. ‘दीड वर्षात पगार सुरू’ असं जो सांगतो, त्याच्याकडून ते कागदावर लिहून मागा. संस्थेला मान्यता आहे का, ते महासंचालनालयाच्या यादीत पाहा.

मुलीला हे जमेल का, असं अजूनही विचारतात. १० फेब्रुवारी १९२९ ला जे. आर. डी. टाटांना हिंदुस्थानातला पहिला वैमानिक परवाना मिळाला, आणि १९३६ साली सरला ठकराल यांनी आपला परवाना मिळवला. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी कोलकात्याहून सिलचरला प्रवासी विमान नेलं, तेव्हा शेजारच्या आसनावर निवेदिता भसीन होत्या.

जाता जाता गुरुजींना एक काम सांगतो. परीक्षेला नाव नोंदवताना दहावी-बारावीच्या गुणपत्रिका मंडळाकडून पडताळल्या जातात. शाळेच्या दाखल्यात नाव एक, आधारकार्डात दुसरं, आडनावाचं स्पेलिंग तिसरंच, असं आपल्याकडे फार. तेवढं रजिस्टर उघडून आताच पाहा, दुरुस्ती लागली तर दहावीचा फॉर्म जाण्याआधी करून घ्या.