जेनेंटेकमधली मोकळीक

जैवतंत्रज्ञान शिकणाऱ्या मुलांचे आईवडील दोन प्रश्न हमखास विचारतात: नोकरी कुठे लागेल आणि पगार किती? तिसरा प्रश्न फारसा कुणी विचारत नाही. तिथे माणसाला काम कसं करू देतात? हा प्रश्न पगाराइतकाच मोलाचा का, हे जेनेंटेक या जैवतंत्रज्ञान कंपनीच्या इतिहासातून नीट कळतं.

हर्बर्ट बॉयर हे कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को शाखेतले प्राध्यापक. १९७६च्या सुरुवातीला रॉबर्ट स्वॉन्सन हा २८ वर्षांचा तरुण त्यांना भेटायला आला. बॉयर यांनी त्याला दहाच मिनिटं दिली होती, पण बोलणं तीन तास चाललं. दोघांनी पाचपाचशे डॉलर घातले आणि जेनेंटेक ही कंपनी काढली. पुढे साउथ सॅन फ्रान्सिस्कोतल्या गोदामांच्या वस्तीत तिची प्रयोगशाळा थाटली गेली.

बॉयर यांनी एक आग्रह धरला: इथल्या संशोधकांना आपले शोधनिबंध छापता आले पाहिजेत. आधी पेटंटचा अर्ज, मग निबंध. औषधधंद्यात तेव्हा गुप्ततेचा रिवाज होता. निबंध छापायची मुभा नसती, तर विद्यापीठांतली हुशार मुलं या कंपनीकडे फिरकलीही नसती.

त्यांतलाच एक डेव्हिड गोडेल. ‘क्लोन ऑर डाय’ असं छापलेला टीशर्ट घालून रात्र रात्र काम करणारा. तोवर मधुमेहींना लागणारं इन्सुलिन डुकरांच्या आणि गाईगुरांच्या स्वादुपिंडातून काढत. १९७८च्या ऑगस्टमध्ये ‘सिटी ऑफ होप’ या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांबरोबर गोडेल आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जिवाणूंकडून मानवी इन्सुलिन बनवून घेतलं. एली लिली कंपनीमार्फत १९८२ मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं. जेनेंटेकमध्ये शुक्रवारी संध्याकाळी ‘हो-हो’ नावाची बिअर पार्टी होई. हुद्दे विसरून सगळे एकत्र जमत.

नेपोलिओने फेरारा यांची गोष्ट तर मुद्दाम सांगायला हवी. १९८८ मध्ये ते इथे रुजू झाले ते रिलॅक्सिन या संप्रेरकावर काम करण्यासाठी. पण नव्या रक्तवाहिन्या कशाने फुटतात, हे कोडं त्यांच्या डोक्यातून जात नव्हतं. स्वतःच्या आवडीच्या कामासाठी कंपनी जो वेळ देत असे, त्यात त्यांनी ते हाती घेतलं. १९८९ मध्ये रक्तवाहिन्या फुटवणाऱ्या व्हीईजीएफ या प्रथिनाची ओळख त्यांनी जगाला करून दिली आणि त्यातूनच २००४ मध्ये ॲव्हॅस्टिन हे कर्करोगावरचं औषध आलं. ‘फॉर्च्यून’ मासिकाच्या नोकरीसाठी उत्तम कंपन्यांच्या यादीत २००६ साली जेनेंटेक पहिली होती, यात नवल नाही.

पण मोकळीक म्हणजे नोकरीची हमी नव्हे. २००९ मध्ये रोश या औषध कंपनीने ४६.८ अब्ज डॉलर मोजून जेनेंटेकचा उरलेला हिस्साही घेतला. कॅलिफोर्नियातल्या व्हॅकाव्हिलचा तिचा मोठा कारखाना २०२४ मध्ये लॉन्झा कंपनीला विकला गेला आणि तिथल्या लोकांचा मालकच बदलला.

शिवाय सगळेच फेरारा होत नाहीत, आणि व्हायची गरजही नाही. उत्पादन, गुणवत्ता तपासणी, रुग्णांवरच्या चाचण्या, सरकारी मंजुऱ्या इथेही भरपूर जागा असतात. डोक्यापासून पायांपर्यंत झाकलेला तंत्रज्ञ निर्जंतुक खोलीत बॅच रेकॉर्ड, म्हणजे त्या खेपेची उत्पादन-नोंद, भरतो, तेव्हा महत्त्वाच्या पायरीवर दुसऱ्याने तपासून सही करायची असते. चुकलेला आकडा खोडरबराने पुसायचा नाही. त्यावर एकच आडवी रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा, सही आणि तारीख. हडपसरच्या सीरम इन्स्टिट्यूटपासून कॅलिफोर्नियापर्यंत ही शिस्त सारखीच. ती अंगी बाणलेल्या माणसाला कमी लेखणारी कंपनी मोठी म्हणवण्याच्या लायकीची नाही.

म्हणून मुलाखतीला जाणाऱ्या प्रत्येकाने पगाराचं बोलणं झाल्यावर आणखी विचारावं: तुमच्या संशोधकांचे निबंध कुठे छापून आले? उत्पादनात लागलेली किती माणसं पुढे वरच्या जागी गेली? चूक लगेच कळवणाऱ्याचं इथे काय होतं? उत्तर देताना समोरचा चाचरला, तर दुसरी कंपनी बघा.