हिरवा दिवा आणि तुटलेली वाट

(नभोवाणीवरील भाषण)



इंदूरच्या परदेशीपुऱ्यात ज्यांचे आयुष्य गेले, त्यांना गिरण्यांच्या भोंग्यांची आठवण करून द्यावयास नको. हुकुमचंद मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद झाली. भोवतालच्या गिरण्याही एकेक करून थंडावल्या. त्याच परिसरातील इलेक्ट्रॉनिक कॉम्प्लेक्समध्ये आज मागांच्या खडखडाटाऐवजी संगणकांच्या पंख्यांची घरघर ऐकू येते. मी आज बोलणार आहे ते ह्या संगणकांच्या जाळ्याविषयी; परंतु त्यातील मर्म मला समजावून दिले ते गिरणीत काम केलेल्या एका माणसाने.

ह्या वसाहतीतील एका लहान कारखान्याचे जाळे सांभाळण्याचे काम काही वर्षांपूर्वी माझ्याकडे होते. कामगारांची हजेरी आणि पगाराचे हिशेब ज्या सर्व्हरवर ठेवलेले होते, तो मागच्या इमारतीत होता आणि कचेरी पुढच्या इमारतीत. सर्व्हरला एकच वाट नको म्हणून आम्ही दोन स्विच बसविले होते. सर्व्हरची एक वायर पहिल्या स्विचला व दुसरी दुसऱ्याला जोडलेली; आणि त्या दोन्ही स्विचांपासून पुढच्या इमारतीतील मुख्य स्विचपर्यंत दोन निरनिराळ्या मार्गांनी फायबर नेलेली. एक वाट बंद पडली तर सर्व्हर आपण होऊन दुसरीवर जाईल, अशी व्यवस्था होती. निदान माझी तशी समजूत होती.

महिन्याच्या सहा तारखेस दुपारी आवारात नाल्याचे खोदकाम चालू असता कुदळीने पहिल्या स्विचची फायबर तोडली. कचेरीतील संगणकांना सर्व्हर दिसेना. मी धावत मागच्या खोलीत गेलो, तो सर्व्हर चालू, दोन्ही स्विच चालू, आणि सर्व्हरच्या दोन्ही वायरींपाशी हिरवे दिवे शांतपणे तेवत असलेले! मी सर्व्हरवर संशय घेतला, तो बंद करून पुन्हा सुरू केला, कचेरीतील संगणक तपासले. चार तास असे गेले. बँकेची वेळ टळली आणि कामगारांच्या हाती पगार दोन दिवस उशिरा पडला. ज्याच्या घरी सात तारखेला किराण्याची उधारी फेडावयाची असते, त्याला दोन दिवस म्हणजे काय, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

फाटकावरचे रखवालदार काका तरुणपणी गिरणीच्या विणखात्यात होते. सायंकाळी त्यांना मी घडलेला प्रकार सांगितला. ते म्हणाले, "साहेब, आमच्या मागाचा आडवा धागा तुटला की माग आपला आपण थांबायचा. तुमच्या यंत्राला तेवढेही कळत नाही?"

काकांचे म्हणणे अक्षरशः खरे होते. यंत्रमागाच्या बाजूस एक लहानसा काटा असतो. धोट्यातून आलेला धागा त्याला टेकला की तो कलतो आणि माग चालू राहतो. धागा तुटला किंवा कांडी संपली की काटा कलत नाही, हलत्या भागात अडकतो, आणि त्याच झटक्याने मागाचा दांडा सुटून माग बंद पडतो. धाग्यावाचून चालणारा माग कापड विणीत नाही, केवळ आवाज करतो. आमचा पहिला स्विच त्या दुपारी नेमके तेच करीत होता.

दोष हिरव्या दिव्याचा नव्हता. तो दिवा एवढेच सांगतो की, वायरीच्या दुसऱ्या टोकाचा शेजारी जिवंत आहे. त्या शेजाऱ्याची पुढची वाट तुटली आहे की नाही, ह्याची त्याला वार्ता नसते. सर्व्हर दिव्यावर विश्वासून आपला सगळा मजकूर पहिल्या स्विचकडे पाठवीत राहिला, आणि तो मजकूर तेथेच विरून गेला.

ह्यावर उपाय स्विचच्या आतच असतो. मात्र तो स्विच ज्याला आज्ञा देता येतात अशा जातीचा हवा. बाजारात मिळणाऱ्या साध्या, नुसत्या वायरी खोचावयाच्या पेटीत ही सोय नसते. डेल कंपनी तिला 'लिंक डिपेंडन्सी' म्हणते, सिस्को 'लिंक स्टेट ट्रॅकिंग', ज्युनिपर 'अपलिंक फेल्युअर डिटेक्शन' आणि हुआवे 'मॉनिटर लिंक'. नावे चार, कल्पना एकच. स्विचमध्ये एक गट निर्माण करावयाचा. मुख्य स्विचकडे जाणारे पोर्ट त्या गटात 'वरचे' म्हणून नोंदवावयाचे आणि सर्व्हरकडे जाणारे 'खालचे' म्हणून. वरचे सर्व पोर्ट मृत झाले की स्विच खालचे पोर्ट स्वतः बंद करतो. 'सर्व' हा शब्द महत्त्वाचा आहे. दोन वरच्या वायरींपैकी एक जिवंत असेल तर खालच्यांना धक्का लागत नाही. पोर्ट बंद होताच सर्व्हरपाशी दिवा विझतो, आणि दिवा विझला की काय करावयाचे, हे सर्व्हरला पूर्वीच ठाऊक असते. तो दुसऱ्या वायरीवर जातो.

आज्ञा चार-पाच ओळींच्या असतात; विचार मात्र त्यापूर्वी पुष्कळ करावा लागतो. ज्या यंत्राला एकच वायर आहे त्याला गटात घालण्यात काहीच लाभ नाही. कचेरीशी संबंध तुटला असता निदान शेजारच्या यंत्राशी त्याचे बोलणे चालू असते, तेही आपण विनाकारण तोडतो. ज्या पोर्टातून आपण स्वतः स्विचशी बोलत आहोत तो पोर्ट गटात घालणारा मनुष्य बसल्या फांदीवर कुऱ्हाड घालतो. ही चूक मी एकदा केली आहे. तसेच पहिला पोर्ट दुसऱ्यावर आणि दुसरा पहिल्यावर अवलंबून ठेवू नये. दोघेही एकदा निजले की एकमेकांची वाट पाहत निजूनच राहतील.

वाट पुन्हा जुळल्यानंतरचा प्रसंगही नाजूक असतो. फायबर जोडताच वरचा दिवा लागतो, परंतु जुन्या पद्धतीचा 'स्पॅनिंग ट्री' नियम चालू असेल तर तो पोर्ट आणखी ३० सेकंद मजकूर पुढे जाऊ देत नाही. तेवढ्यात खालचा दिवा लागला आणि सर्व्हर परत आला, तर तो पुन्हा बंद वाटेवर येऊन उभा राहतो. म्हणून जेथे सोय असेल तेथे खालचे पोर्ट उशिरा उघडावयास सांगावे. आणि सर्व झाल्यावर आज्ञा कायमच्या जतन कराव्यात. पुष्कळ स्विचांत चालू आज्ञा आणि जतन केलेल्या आज्ञा ह्या दोन वेगळ्या गोष्टी असतात. ते विसरल्यास वीज एकदा जाऊन आली की सगळे कष्ट पुसले जातात.

ह्या युक्तीची दृष्टी एका टप्प्यापुरतीच आहे, हेही सांगितले पाहिजे. मुख्य स्विचच्या पलीकडे काही तुटले तर आपली फायबर जिवंतच दिसते आणि खालचे पोर्ट उघडेच राहतात. तेथे सर्व्हरनेच ठराविक वेळाने दूरच्या पत्त्यास हाक मारून उत्तर येते की नाही हे पाहावे लागते. लिनक्समध्ये तशी सोय आहे. पण ज्याला हाक मारावयाची तोच एखादे दिवशी दुरुस्तीसाठी बंद असला म्हणजे नवाच गोंधळ होतो, म्हणून एकाहून अधिक पत्ते द्यावेत.

पुढच्या रविवारी, कारखाना बंद असता, मी दोन्ही स्विचांत हे गट बांधले. नुसत्या आज्ञेने पोर्ट बंद करून घेतलेल्या परीक्षेवर माझा विश्वास नाही. म्हणून पहिल्या स्विचची फायबर हाताने उपसून काढली. काका दाराशी उभे होते. सर्व्हरपाशी दोनपैकी एक हिरवा दिवा विझला. कचेरीच्या संगणकावर हजेरीचे पान उघडेच होते. एक क्षण ते अडखळले आणि पुन्हा चालू झाले. काकांनी विझलेल्या दिव्याकडे बोट दाखवून विचारले, "हा बिघडला काय?" मी म्हणालो, "नाही काका, हा थांबला."