धार टिकते ती कशाने?
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आपल्या ज्ञातीचा पिढीजात धंदा लोहारकीचा. आज आपल्यापैकी बहुतेक कुटुंबांत भाता आणि ऐरण उरलेली नाही. मुले नोकरीधंद्यानिमित्त शहरांत गेली आहेत. तरीसुद्धा शेजारणीची विळी बोथट झाली की ती आपल्याच घरच्या सुनेला विचारते, "तुम्ही ना लोहाराच्या? मग कोणत्या पोलादाची धार जास्त टिकते, ते सांगा पाहू." या प्रश्नाचे उत्तर प्रत्येक ज्ञातिकुटुंबास देता यावे, एवढ्याच हेतूने मी हा विषय निवडला आहे.

प्रथम धार जाते म्हणजे काय होते, ते पाहू. पोलाद मऊ असेल तर धारेची कड दाबाने एका अंगाला वळते. कापायच्या वस्तूत कठीण कण असतील तर ती हळूहळू झिजते. पोलाद कठीण पण ठिसूळ असेल तर तिचे बारीक टवके उडतात. शिवाय लिंबू, चिंच, कांदा यांच्या रसाने साधे पोलाद गंजते, तो भाग निराळाच. दाढीच्या पात्याचे उदाहरण नवल वाटण्यासारखे आहे. केस पोलादाहून सुमारे ५० पट मऊ. तरीही त्याने पाते बोथट होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रविद्यापीठातील संशोधकांनी २०२० साली सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दाखवून दिले की, केस विशिष्ट कोनात वाकून कडेवर आला आणि त्या जागी पोलादाची घडण एकसारखी नसली, तर तेथे टवका उडतो. सारांश, धार एकाच कारणाने जात नाही, आणि म्हणून सर्व कामांना एकच उत्तम पोलादही असू शकत नाही.

आता निरनिराळ्या पोलादांकडे वळू. पोलादाचा कठीणपणा मुख्यतः त्यातील कर्बावर, म्हणजे कार्बनवर, आणि त्याला दिलेल्या पाण्यावर अवलंबून असतो. मोटारीच्या पाट्यात कर्ब साधारण अर्धा ते पाऊण टक्का असतो. बेअरिंगच्या पोलादात सुमारे १ टक्का कर्ब आणि दीड टक्का क्रोमियम. चांगल्या कानशीत कर्ब १ टक्क्याहूनही अधिक. घरगुती स्टेनलेस सुरीत क्रोमियम १३ टक्क्यांच्या आसपास, पण स्वस्त मालात कर्ब थोडा. कर्ब आणि धातू यांच्या संयोगाने पोलादात जे अतिसूक्ष्म कठीण कण तयार होतात, ते झीज रोखतात. लोहाच्या कणांहून क्रोमियमचे कण कठीण, आणि व्हॅनेडियमचे त्याहूनही कठीण.

इंग्लंडातील शेफिल्ड येथे सुऱ्यांची धार मोजण्याचे एक यंत्र आहे. वाळूचे बारीक कण मिसळलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या ठराविक दाबाखाली पात्यावर मागेपुढे सरकवावयाच्या आणि पात्याने एकूण किती पुठ्ठा कापला, ते मोजावयाचे, अशी ती रीत. या कसोटीला व्हॅनेडियमने समृद्ध असलेली, भुकटीपासून बनविलेली आधुनिक पोलादे सर्वांत वरचढ ठरतात. त्यांच्या खालोखाल अधिक कर्ब आणि अधिक क्रोमियम असलेली पोलादे येतात. साधे कर्बाचे पोलाद आणि स्वस्त स्टेनलेस ही तळाशी राहतात.

येथे आपल्या अभिमानाला थोडा धक्का बसणारी गोष्टही सांगितली पाहिजे. दक्षिणेत मुशीत तयार होणारे वूट्झ पोलाद जगप्रसिद्ध होते. १७९४ साली मुंबईहून डॉ. हेलेनस स्कॉट यांनी त्याचे नमुने लंडनला सर जोसेफ बँक्स यांच्याकडे धाडले. पुढे मायकेल फॅरेडेसारख्या थोर शास्त्रज्ञाने त्याचा अभ्यास केला. परंतु २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, दोहोंस सारखाच भरपूर कठीणपणा दिल्यावर, आजच्या बेअरिंगच्या पोलादाने वूट्झच्या पात्यास मागे टाकले. याने पूर्वजांचे कर्तृत्व उणे होत नाही. त्यांनी मापनयंत्रांशिवाय, केवळ डोळ्याने आणि हाताने, जे साधले ते अपूर्वच होते. मात्र पूर्वजांच्या नावावर आजची सुरी कापत नाही, हेही तितकेच खरे.

तर मग व्हॅनेडियमचे पोलाद आणले की काम झाले काय? तसे नव्हे. १९१३ साली शेफिल्डमध्ये हॅरी ब्रिअर्ली यांनी बंदुकीच्या नळीची झीज थांबविण्याच्या खटपटीत न गंजणारे पोलाद सिद्ध केले. त्यांना त्यापासून सुऱ्या व्हाव्यात असे वाटले. पण पहिल्या सुऱ्या बोथट निघाल्या, आणि 'न कापणाऱ्या सुऱ्यांचा शोध लावणारा' अशी ब्रिअर्ली यांची थट्टा झाली. साध्या पोलादाला ८०० अंशांच्या आसपासची आच पुरते. या नव्या पोलादाला १००० अंशांच्या आसपास तापवावे लागते. आच बरोबर साधल्यावर त्याच पोलादाच्या सुऱ्या जगभर गेल्या. दोष धातूचा नव्हता, तापविण्याच्या सवयीचा होता.

असाच एक दोष माझ्या हातूनही घडला आहे, आणि तो या सभेत सांगण्यास मला संकोच वाटत नाही. मी विशीत असताना एका ऊसतोडणी कामगाराने वडिलांकडे कोयता घडवायला दिला. वडील गावाला गेले होते. पाट्याच्या पोलादापेक्षा कानशीचे पोलाद कठीण, एवढे ज्ञान मला झाले होते. मी जुन्या मोठ्या कानशीचा कोयता घडविला, लाल करून पाण्यात बुडविला, आणि पुन्हा मंद आचेवर ताव देऊन त्याचा ठिसूळपणा घालवावयाचा, ते घाईत जेमतेमच केले. धार अशी लागली की कागद हवेत कापावा. दुसऱ्या दिवशी दुपारी तो गृहस्थ कोयता घेऊन परत आला. उसाच्या बुडख्याशी एका दगडावर घाव बसला आणि पात्याचा बोटभर तुकडा उडाला होता. त्याची पत्नी मोळ्या बांधण्यास मोकळी होती, पण तोडलेला ऊसच नव्हता. दोघांचा दिवस बुडाला. वडिलांनी परत आल्यावर मोटारीच्या पाट्याचा दुसरा कोयता विनामूल्य करून दिला आणि बुडालेली मजुरीही दिली. मला ते एवढेच म्हणाले, "धार तुझी चांगली होती. कोयता वाईट होता."

त्या एका वाक्याचा अर्थ मला पुढे पुष्कळ वर्षांनी धातुशास्त्राची पुस्तके वाचताना उमगला. झीज रोखण्याचा गुण आणि घाव सोसण्याचा गुण हे बहुधा परस्परांच्या उलट जातात. म्हणून कोयता, कुऱ्हाड, नारळ फोडण्याचा सत्तूर यांना पाट्याचे चिवट पोलाद हवे. भाजी चिरणाऱ्या सुरीला बेअरिंगचे किंवा बऱ्यापैकी कर्बाचे पोलाद शोभते. मात्र ती वापरल्यावर पुसून ठेवावी लागते. मासळी आणि आंबट पदार्थांसाठी स्टेनलेस सोयीचे. व्हॅनेडियमचे कण तर कुरुंदाच्या दगडाहूनही कठीण असतात. तशा सुरीला धार लावण्यास हिऱ्याच्या कणांचे साधन लागते. ज्या घरी ते नाही, तेथे ती महागडी सुरी एकदा बोथट झाली की फडताळात पडून राहते.

भगिनींना एक गोष्ट विशेषकरून सांगतो. धारेचा कोन बारीक ठेवला, तर साध्या पोलादाची सुरीदेखील जाड कोनाच्या उंची सुरीहून अधिक काळ कापते, असे त्या यंत्रावरील चाचण्यांतही दिसून आले आहे. फार बारीक कोन मात्र कठीण वस्तूवर तुटतो. काचेच्या किंवा दगडी ओट्यावर चिरू नये, लाकडी पाटावर चिरावे. धार पूर्ण जाण्याची वाट न पाहता आठवड्यातून एकदा दगडावर चार हात फिरवावेत.

आणि जे बंधू अजून भट्टीपुढे बसतात, त्यांना माझी विनंती आहे. पोलाद कोठून आले, ते गिऱ्हाइकाला खरे सांगावे. आच अंदाजाने न धरता लोहचुंबक जवळ ठेवावा. पोलाद सुमारे ७७० अंशांना चुंबकाला चिकटेनासे होते, त्याच्या किंचित वर साध्या पोलादाची योग्य आच असते. पाणी दिल्यावर ताव देण्यास कधीही आळस करू नये. शक्य झाल्यास मंडळाने कठीणपणा मोजण्याचे एक यंत्र सामाईक घ्यावे, म्हणजे आपल्या तरुणांना माझ्यासारखे गिऱ्हाइकाच्या शेतात शिकावे लागणार नाही.