ऋतूंचा बेत आणि घरचे शिवण



वसंत व्याख्यानमालेत शिवणटिपण हा विषय पाहून काही मंडळींना नवल वाटले असेल. येथे अर्थकारणावर, वेदान्तावर बोलणारे वक्ते येतात. आम्ही पोलक्याच्या मुंढ्याविषयी बोलणार! पण कापड कापण्याला आपण 'बेतणे' म्हणतो आणि मनात योजलेल्या गोष्टीलाही 'बेत'च म्हणतो, हे आमच्या पथ्यावरच पडले आहे. वर्षाच्या कपड्यांचा बेत कसा करावा आणि घरातल्या जुन्या कागदांवरून ते कसे बेतावेत, एवढेच आज सांगायचे आहे.

आमचे माहेर सांगलीचे आणि सासर साताऱ्याचे. दोन्हीकडे कृष्णामाईच, पण हवा दोन तऱ्हांची. सांगलीत चैत्र लागला की पारा चाळिशीकडे धावतो आणि मलमल किंवा पातळ वायल यांवाचून अंगाला काही सोसत नाही. साताऱ्यात त्याच दिवसांत संध्याकाळी अजिंक्यताऱ्याकडून वारा सुटतो आणि म्हातारी माणसे बंडी शोधू लागतात. पावसाचे तर विचारूच नका. एकाच सातारा जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस, आणि माण तालुक्यात पाचशे पडला तरी लोक समाधान मानतात. तेव्हा परदेशी पुस्तकातला चार ऋतूंचा तक्ता आपल्या भिंतीवर लावून भागत नाही. आपले ऋतू तीन, आणि तेही गावागणिक वेगळे.

आमची रीत अशी. माघ सरता सरता ट्रंक उघडायची आणि कपड्यांचे तीन ढीग करायचे : तसेच चालतील ते, उसवून पुन्हा होतील ते आणि देऊन टाकायचे ते. हे केल्यावाचून दुकानाची पायरी चढू नये. मग उन्हाळ्याचे शिवण होळीच्या आत संपवायचे. पावसाळ्याचे वैशाखात; त्यात परकराची उंची चार बोटे कमी, रंग चिखल झाकणारा, आणि कापड लवकर वाळणारे. जाड कापड श्रावणात तीन दिवस दोरीवर कुबट वास धरून बसते, हे साताऱ्याच्या गृहिणींना सांगायला नको. थंडीचे फ्लॅनेल दिवाळीच्या गर्दीआधी शिवून ठेवावे.

आता जुन्या कागदांकडे वळू. अमेरिकेत एबेनेझर बटरिक या शिंप्याने १८६३ मध्ये निरनिराळ्या मापांचे कागदी नमुने विकायला काढले. आपल्याकडे नमुना म्हणजे जुना कपडा उसवायचा, वर्तमानपत्रावर ठेवायचा आणि कडेने पेन्सिल फिरवायची. असे कागद अजून पुष्कळ घरांत असतील. ते वापरताना घात होतो तो मापांत. १९५८ पासून दशमान मापे येऊ लागली. त्याआधीचे कागद इंच आणि वारांत आहेत. वार म्हणजे ९१ सेंटिमीटरांच्या किंचित वर. शिवाय जुना हिशेब छत्तीस इंच पन्ह्याचा असतो. आज चव्वेचाळीस इंची पन्हा घेतलात तर अडीच वारांचे काम दोन मीटरांच्या आत बसू शकते. मात्र फुले एकाच दिशेने छापलेली असली तर बसेलच असे नाही.

दुसरे, कागदात माया धरली आहे की नाही ते पाहावे. शिवणीसाठी सोडलेल्या जादा कापडाला 'माया' म्हणणारी आपली भाषा धन्य आहे. घरच्या कागदांत बहुधा ती नसते. कापणारणीच्या हातात असते. म्हणून आधी मांजरपाटाचे कच्चे पोलके टाचून अंगावर घालून पाहावे. आणि सुती कापड कापण्याआधी भिजवून वाळवावे. आम्ही एकदा घाईने हे टाळले, आणि पुतणीचे परकरपोलके पहिल्याच धुण्यात तिच्या धाकट्या बहिणीचे झाले.

जुन्यात घेण्यासारखे काय, असे विचाराल तर आम्ही खणाच्या चोळीकडे बोट दाखवू. गुळेदगुड्डचा खण अरुंद. तो वाया जाऊ नये म्हणून सगळे तुकडे जवळजवळ सरळ कापतात आणि काखेत तिकोनी कळी घालतात. त्या कळीमुळे हात डोक्यावर नेला तरी चोळी वर चढत नाही. आजच्या घट्ट ब्लाउजची शिवण नेमकी काखेतच का उसवते, त्याचे उत्तर येथे आहे. उलट पुरुषांचे शर्ट घरी शिवावेत असे आम्ही म्हणणार नाही. कॉलरीपायी दोन दिवस जातात आणि तयार शर्ट स्वस्त मिळतो.

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा साडेसत्तावन्न फुटांवर गेली. माहेरच्या घरात पाणी माळ्याला लागले. ओसरल्यावर आईची ट्रंक उघडली तेव्हा तिच्या पन्नास वर्षांच्या कागदांचा राखाडी लगदा झाला होता. कपडे मात्र चिखलातून धुऊन निघाले. त्यांत एक पोलके आमच्या धाकट्या बहिणीचे होते. ती नवव्या वर्षीच गेली. त्या मापाचे दुसरे काहीच उरले नव्हते. कागद पुन्हा करायचा तर ते उसवणे भाग होते. आम्ही ते घडी करून बाजूला ठेवले. आईने ते पुन्हा पुढे ओढले आणि म्हणाली, "अगं, उसव. कापड कुठं जातंय? पुन्हा शिवू." हात कापत होते, म्हणून पहिली टीप तिनेच सोडली. माया किती, ते तिने बोटाने दाखवले : पाठीला एक बोट, बाजूंना दोन, कारण मूल वाढते.

ते पोलके दुसऱ्याच दिवशी तिने हातशिलाईने पुन्हा शिवून ठेवले.

तेव्हापासून प्रत्येक कागदाच्या आम्ही दोन प्रती करतो. एक सांगलीस, एक साताऱ्यास. आज साताऱ्याची प्रत बरोबर आणली आहे. पोलके, खणाची चोळी, कुंची, झबले आणि बंडी एवढे कागद मागच्या टेबलावर मांडले आहेत. ज्यांना हवे त्यांनी छापून घ्यावेत; पेन्सिल आणि कोरे कागद तेथेच आहेत. कुंचीचा कागद फार विरला आहे, त्याला तेवढी टाचणी लावू नये.